तिसरं बटण

नगरपरिषदेच्या मतदानाला गेलं की तीनदा बटण दाबावं लागतं. दोनदा प्रभागातल्या दोन नगरसेवकांसाठी, एकदा नगराध्यक्षासाठी. विधानसभेच्या सवयीनं लोक एकदाच दाबून निघतात आणि टेबलावरचा कर्मचारी ओरडतो, "अहो काका, अजून दोन मतं राहिलीत!" २ डिसेंबर २०२५ ला आमच्या केंद्रावर हे दर दहा मिनिटांनी चाललं होतं. त्या वेळी २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका लागल्या होत्या. काही ठिकाणचं मतदान पुढे २० तारखेवर गेलं, म्हणून सगळ्यांचेच निकाल २१ पर्यंत थांबले. जवळजवळ तीन आठवडे यंत्रं कुलपात आणि अंदाज चौकात.

रांगेत माझ्या पुढे शेजारचे अण्णा होते. वय पंच्याहत्तरच्या पुढे, एसटीतून निवृत्त, आणि एकाच चिन्हाचे.

"तिन्ही एकालाच का, अण्णा?"

"तिन्ही."

"तुमचा नगराध्यक्षाचा उमेदवार तर दिवाळीपर्यंत समोरच्या गोटात होता."

"असेल. माणसं येतात-जातात. चिन्ह जागेवर असतं."

मला हसू आलं. ते अण्णांवरचं नव्हतं. त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत याच राज्यात चिन्हानं जागा सोडली होती त्यावरचं होतं. १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगानं शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिला. ६ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्रवादीचं नाव आणि घड्याळ अजित पवारांच्या गटाकडे गेलं. उरलेल्यांच्या वाट्याला मशाल आणि तुतारी वाजवणारा माणूस आला. आयुष्यभर एका चिन्हावर आधी शिक्का आणि मग बोट ठेवणाऱ्या कितीतरी घरांत, आपण आता नेमके कुठले, यावर जेवणाच्या ताटावर भांडणं झाली. कोण खरं आणि कोण खोटं यात मी शिरत नाही, त्याला न्यायालयं आहेत. पण "माणूस बेभरवशाचा म्हणून मी चिन्ह धरतो" हा युक्तिवाद महाराष्ट्रात तरी आता मोडीत निघालेला आहे.

त्यात गावपातळीवर पक्ष म्हणजे काय असतो हे पाहायचं असेल तर उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवशी निवडणूक कार्यालयाबाहेर उभं राहावं. दुपारी तीनला खिडकी बंद होणार असते. पक्षाची अधिकृत उमेदवारी देणारा एबी फॉर्म कुणाच्या तरी गाडीत असतो, गाडी कुठेतरी वाटेत असते, आणि ज्याला तो मिळणार अशी आठवडाभर चर्चा आहे तो माणूस झाडाखाली फोन कानाला लावून घाम पुसत असतो. माझ्या ओळखीतला एक जण त्या दिवशी सकाळी एका पक्षाचं उपरणं घालून आला. फॉर्मवर दुसऱ्याचंच नाव निघालं. अडीच वाजता तो दुसऱ्या पक्षाच्या उपरण्यात होता, आणि त्या पक्षाच्या तालुकाध्यक्षाला तो आपला उमेदवार आहे हे त्याच्याकडूनच कळलं. पाच वर्षं सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता बाजूला उभा राहून हे सगळं बघत होता. तो पुढे अपक्ष उभा राहिला, कपबशी घेऊन. पडला.

राज्यात एकत्र सत्तेत बसलेले पक्ष गावात एकमेकांविरुद्ध उतरतात, त्याला "मैत्रीपूर्ण लढत" म्हणतात. राज्यात एकमेकांना पाण्यात पाहणारे गावात एका आघाडीत बसतात, त्याला "स्थानिक परिस्थिती" म्हणतात. शेजारच्या दोन तालुक्यांत त्याच पक्षाच्या दोन तऱ्हा. अशा वेळी पक्षनिष्ठा नावाची गोष्ट नेमकी कुणाकडे उरते? उमेदवाराकडे नाही, जिल्हाध्यक्षाकडे नाही, तिकीट वाटणाऱ्याकडे तर नाहीच. ती रांगेतल्या अण्णांकडे उरते. दुसऱ्या कुणीच जो करार पाळत नाही तो एकट्या मतदारानं पाळायचा, याला निष्ठा म्हणायचं की सवय, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी सवय म्हणतो.

इथवर वाचून कुणाला वाटेल की आता हा "पक्ष सोडा, माणूस बघा" म्हणणार. तसं म्हणण्याची एक सोय आहे, ते ऐकायला सगळ्यांनाच बरं वाटतं. पण पक्षचिन्ह बाजूला केलं की चांगला माणूस आपोआप वर येत असता तर आपल्या ग्रामपंचायती आदर्श व्हायला हव्या होत्या. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. तिथे पॅनल असतं. पॅनल म्हणजे बहुतेक ठिकाणी भावकी, नाहीतर सोसायटीचा गट, नाहीतर कारखान्याचा. आणि निकालाच्या संध्याकाळी प्रत्येक पक्ष "आमचे इतके सरपंच" म्हणून आकडे देतो. ते सगळे आकडे जोडले तर गावं कमी पडतात. चिन्ह काढून घेतल्यानं पक्ष गेला नाही, फक्त त्याला जबाबदार धरायची सोय गेली.

शहरांतही हा प्रयोग झालेला आहे. साताऱ्यात वर्षानुवर्षं लढत झाली ती सातारा विकास आघाडी आणि नगर विकास आघाडी यांच्यात. एक उदयनराजे भोसल्यांची, दुसरी त्यांचे चुलतभाऊ शिवेंद्रसिंहराजे यांची. मधली काही वर्षं दोघांचं मनोमिलन होतं, तेव्हा मतदारासमोरची निवड आणखीच आक्रसली. कोल्हापूर महापालिकेत पक्षांपेक्षा महाडिकांच्या ताराराणी आघाडीचा शब्द चाले, आणि तिथे महापौरपद इतक्या जणांना वाटून द्यावं लागे की कारकीर्द महिन्यांत मोजायची पद्धत पडली. जळगावात तर नगरपालिका दीर्घकाळ एका नेत्याभोवती फिरत राहिली. त्या नेत्यानं पक्ष बदलले, गाव बदललं नाही. झोपडपट्टीवासीयांसाठीच्या घरकुल योजनेतल्या गैरव्यवहाराबद्दल धुळ्याच्या विशेष न्यायालयानं ऑगस्ट २०१९ मध्ये ४८ जणांना दोषी ठरवलं. त्यात माजी मंत्री होते, पदाधिकारी होते आणि नगरसेवकही होते. शिक्षेविरुद्ध पुढे अपिलं झाली, तो भाग वेगळा. मला त्यातला आकडा महत्त्वाचा वाटतो. अठ्ठेचाळीस माणसं एका ठरावापाशी चुकतात तेव्हा "आमचा नगरसेवक माणूस म्हणून चांगला आहे" या वाक्याचं काय करायचं? त्यांतल्या बहुतेकांबद्दल त्यांच्या गल्लीत हेच वाक्य बोललं गेलं असणार.

ते कसं घडतं हे मला एकदा अगदी जवळून दिसलं. नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा नागरिकांना पाहता येते. फारसं कुणी जात नाही, मी एकदा गेलो. साडेअकराची सभा बारा वाजता सुरू झाली. विषयपत्रिकेवर तीसेक विषय होते. लिपिक विषय वाचायला लागला की तिसऱ्या शब्दाला बाकावरून "मंजूर" यायचं. कुणी सूचक, कुणी अनुमोदक, हे नंतर लिहिलं जाणार होतं. वीस मिनिटांत पत्रिका संपली आणि मग आले ऐनवेळचे विषय. ज्यांना नगरपालिका माहीत आहे त्यांना या दोन शब्दांचं वजन माहीत आहे. पत्रिकेवर असतं ते बागेतल्या बाकांचं. ऐनवेळी येतं ते पाइपलाइनचं, पंपाच्या दुरुस्तीचं, मुदतवाढीचं.

पंपाच्या दुरुस्तीचं बिल वाचलं जात असताना एक बाई उठल्या. पहिल्यांदाच निवडून आलेल्या, निवृत्त शिक्षिका. गल्लीतल्या दोन पिढ्यांना त्यांनी शिकवलेलं, म्हणून लोकांनी पक्ष न पाहता त्यांना मत दिलेलं. त्यांनी विचारलं, "हाच पंप मागच्या वर्षी दुरुस्त केला होता ना?" एवढंच. सभागृह एकदम शांत झालं. विरोधी बाकांवरून कुणी काही बोललं नाही. त्यांच्याच पक्षाच्या गटनेत्यानं मान न वळवता हात खाली-खाली केला आणि हळू म्हणाला, "ताई, बसा. हे आपण आत बोलू." ताई क्षणभर उभ्या राहिल्या, मग बसल्या. लिपिकानं वाचलं, "मंजूर."

माणूस म्हणून निवडून दिलेली बाई गट म्हणून बसली. यात त्यांचा भित्रेपणा होता असं मला वाटत नाही. निवडून आल्याबरोबर जिल्हाधिकाऱ्यांकडे गटाची नोंदणी होते आणि १९८६ च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायद्याखाली सदस्य गटाला बांधला जातो. व्हीप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा गटाचा आदेश, मोडला तर पद जाऊ शकतं. खासदार-आमदारांच्या पक्षांतरबंदीपाठोपाठ हा कायदा आला, हेतू घोडेबाजार थांबवण्याचा होता. प्रत्यक्षात निवडणुकीआधीच्या उड्यांना त्याचा काही अडथळा नाही, आणि निवडणुकीनंतर पंपाचं बिल विचारणाऱ्या बाईंना मात्र गटनेत्याचा हात पुरतो. व्हीप काढायचीही गरज पडत नाही.

पुण्याच्या नगरपालिकेत १८८० मध्ये, व्हाइसरॉय लॉर्ड लिटन येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये काढायचे ठरले तेव्हा महात्मा फुल्यांनी एकट्यानं विरोध केला. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर घाला म्हणाले. फुले सरकारनं नेमलेले सदस्य होते. त्यांच्यावर ना पक्षाचा हात होता, ना मतदारांचा. आपण ही गोष्ट अभिमानानं सांगतो, सांगावीच. पण तिचा दुसरा अर्धा भाग सांगत नाही, की ठराव मंजूर झालाच. एकटा माणूस सभागृहात नोंद करू शकतो. मोजणी हातांची होते.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, आणि ते जरा उलटं वाटेल. नगरसेवकाच्या दोन मतांना आपण माणूस पाहतो: दहाव्याला येतो का, गटार तुंबलं की फोन उचलतो का, दाखल्यावर लगेच सही देतो का. नगराध्यक्षाच्या मताला आपण चिन्ह पाहतो, कारण अख्ख्या गावाचा उमेदवार आपल्याला तितकासा माहीत नसतो आणि वरच्या नेत्याची सभा झालेली असते. हे दोन्ही पालटायला हवं. नगरसेवक हा शेवटी एक हात आहे. तो कुठल्या गटाबरोबर वर जाणार हे पाहा, त्या गटानं मागच्या सभांत काय मंजूर केलं ते पाहा. नगराध्यक्षाला मात्र गटामागे लपता येत नाही. सभा तो बोलावतो, पत्रिकेवर काय यायचं हे मुख्याधिकाऱ्याबरोबर बसून तोच पाहतो, स्थायी समितीचा सभापती तो, मतं समान पडली तर निर्णायक मत त्याचं. ऐनवेळचा विषय घ्यायचा की "पुढच्या सभेला रीतसर आणा" म्हणायचं, हे एका माणसाच्या तोंडून निघतं. तिथे चिन्ह बसत नाही, माणूस बसतो.

(महापालिकांच्या शहरांत ही चर्चा लागू नाही. तिथल्या २९ शहरांत महापौर नगरसेवक निवडतात, अडीच वर्षांसाठी, आरक्षणाची सोडत निघाल्यावर. आणि कारभाराच्या किल्ल्या आयुक्तांकडे असतात. महापौरासाठी मतदाराला बटणच नाही. उलट मुंबई सोडली तर चार-चार सदस्यांचे प्रभाग केल्यामुळे एखाद्या भल्या अपक्षाला एका सदस्याच्या प्रभागापेक्षा जवळपास चौपट फिरावं लागतं. माणसाचा विचार करायचा तर सुरुवात तिथून करावी लागेल.)

नगराध्यक्ष लोकांनी निवडायचा की नगरसेवकांनी, यावर पक्षांची स्वतःची मतं काय आहेत हेही पाहण्यासारखं आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीनं, जी १९९३ मध्ये लागू झाली, हा निर्णय राज्यावर सोडला. महाराष्ट्रात १९७४ मध्ये थेट निवडणूक झाली होती. पुन्हा २००१ मध्ये आली, २००६ मध्ये गेली. २०१६ मध्ये आली, २०२० मध्ये गेली. २०२२ मध्ये परत आली. दर वेळी विधानसभेत लोकशाहीबद्दल भाषणं झाली. दर वेळी सत्तेतल्या पक्षाला त्या वर्षी काय सोयीचं आहे हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. ज्याच्याकडे राज्यपातळीवर मोठा चेहरा आहे त्याला थेट निवडणूक हवी, कारण त्या चेहऱ्यावर गावचा नगराध्यक्ष निघतो. ज्याची गावोगावच्या पुढाऱ्यांवर भिस्त आहे त्याला नगरसेवकांमधून निवड हवी. तेव्हा थेट निवडणूक म्हणजे व्यक्तीला महत्त्व, असं पक्षच जेव्हा सांगतात तेव्हा जरा थांबून बघावं, कुठल्या व्यक्तीला. पुष्कळदा ती व्यक्ती त्या गावची मतदारही नसते.

आणि मध्ये चार वर्षं अशीही गेली की पक्ष नाही आणि व्यक्तीही नाही. २०२१-२२ मध्ये मुदती संपल्या, ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला, आणि सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये चार महिन्यांत निवडणुका घ्या असं सांगेपर्यंत गावं प्रशासक चालवत होते. या काळात निवडणुका घ्या म्हणून रस्त्यावर बसलेला एकही मोठा पक्ष मला आठवत नाही.

आता पक्षाच्या बाजूचा खरा युक्तिवाद. तो निष्ठेचा नाहीच, तो पैशाचा आहे. "वर आमचं सरकार आहे, निधी आम्हीच आणणार." या वेळी त्याला ट्रिपल इंजिन असं नाव होतं. हा युक्तिवाद हसण्यावारी नेणाऱ्यांनी एकदा एखाद्या नगरपरिषदेचं अंदाजपत्रक उघडून पाहावं. जकात होती तेव्हा गावाच्या वेशीवर नाका होता आणि रोजची रोकड पालिकेच्या तिजोरीत पडत होती. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात बंद झाली. महापालिकांत तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तोही गेला, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर मुंबईचीही जकात संपली. नगरपालिकेकडे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांची भाडी उरली. घरपट्टी वाढवायची हिंमत कुठल्याच पक्षात नाही आणि पाणीपट्टीची वसुली निम्मी झाली तरी पेढे वाटावेत अशी स्थिती. पगार राज्याच्या सहायक अनुदानातून निघतात. अशा गावाला "निधी कुणाकडून आणणार" हाच प्रश्न पहिला वाटला तर त्यात गावाचा दोष नाही. आपल्या छोट्या शहरांतली पक्षनिष्ठा पुष्कळशी इथून येते असं मला वाटतं: गावाला स्वतःचं उत्पन्न राहिलं नाही, म्हणून वर ओळख असलेला लागतो.

पण या युक्तिवादाला तीन ठिकाणी भोकं आहेत. सगळाच पैसा ओळखीनं येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाचं अनुदान निकषांवर येत होतं. दहा लाखांखालच्या शहरांसाठी त्यातलं ४० टक्के मोकळं आणि ६० टक्के पिण्याचं पाणी व स्वच्छता यांना बांधलेलं. ते मिळवायचं तर हिशेब लेखापरीक्षण करून ऑनलाइन टाकावे लागत. तिथे मंत्र्याचा फोन चालत नाही, हिशेब लिहिणारा आणि लिहून घेणारा लागतो. नगरोत्थान किंवा वैशिष्ट्यपूर्ण योजना यांसारख्या राज्याच्या निधीच्या ठिकाणी ओळख चालते, हे मान्य. पण योजनेत पालिकेला आपला हिस्सा घालावा लागतो, आणि तो नसला की मंजुरीचे फलक लागतात, नारळ फुटतो, खोदलेला रस्ता तसाच राहतो. दुसरं, सरकार बदलतं. २०१६ च्या डिसेंबरात "वर आमचंच आहे" म्हणून जे निवडून आले त्यांचं "वर" नोव्हेंबर २०१९ मध्ये बदललं, अजून दोन वर्षं हातात असताना. इंजिन मध्येच सुटलं, डबे रुळावर. आणि तिसरं मला सगळ्यात खटकतं. "आम्हाला मत दिलं तर पैसे येतील" याचा अर्थ "नाही दिलं तर येणार नाहीत" असा होतो. कराचा पैसा सगळ्यांचा. तो विरोधी नगराध्यक्षाच्या गावाला अडवून ठेवणार असं कुणी जाहीर सभेत सुचवत असेल तर ते आश्वासन नव्हे, दमदाटी आहे. आपण तिला टाळ्या देतो.

रांगेतून बाहेर आल्यावर हे सगळं मी अण्णांना सांगितलं नाही, इतका वेळ नव्हता. एवढंच म्हणालो की मी दोन मतं एका आघाडीला दिली आणि नगराध्यक्षाचं तिसरं दुसऱ्या पक्षाच्या बाईंना.

अण्णा थांबले. "म्हणजे बहुमत यांचं आणि खुर्चीत त्या?"

"तसं होऊ शकतं."

"मग पाच वर्षं भांडणं."

अण्णांना राजकारण कळत नाही असं समजू नये. कराडला २०१६ मध्ये नेमकं हेच झालं होतं: नगराध्यक्ष भाजपच्या, सभागृहात बहुमत जनशक्ती आघाडीचं. राज्यात इतरही गावांत तसं झालं. अशा गावात नगराध्यक्ष पत्रिकेवर विषय आणतात, बहुमत तो पाडतं. बहुमत ठराव करतं, नगराध्यक्ष तो थांबवायला नगरपरिषद कायद्याच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवतात. विषय समित्यांचे सभापती एका बाजूचे, स्थायी समितीचा सभापती दुसऱ्या बाजूचा. फाइल वर्षभर तारखा घेत राहते आणि पाण्याची टाकी कागदावर. मी हे नाकारत नाही. माझ्या शिफारशीची ही किंमत आहे आणि ती काही गावांनी मोजलेली आहे.

पण त्या भांडणाच्या गावांत एक गोष्ट घडते जी आमच्या "मंजूर, मंजूर" सभेत कधीच घडली नाही. पंप मागच्या वर्षी दुरुस्त केला होता की नाही हे दोन्ही बाजू मोठ्यानं विचारतात. एकमेकांना अडवण्यासाठी का होईना, बिलं बाहेर येतात, इतिवृत्ताच्या प्रती वर्तमानपत्रापर्यंत पोहोचतात. एकाच हाताखाली सगळं असलं की कामं झटपट होतात हे खरं. कुठली कामं, एवढंच विचारायचं राहतं. दोन वाईटांत निवडायचं तर मी भांडण घेईन. मात्र नगराध्यक्षपदाचा उमेदवार एकटाच फिरतो आहे, त्याच्याबरोबर नगरसेवकपदासाठी पाच-सात माणसंही उभी नाहीत, असं दिसलं तर तो कितीही सज्जन असला तरी त्याला मी मत देणार नाही. सभागृहात पाच-सात हात सोबतीला असले तर नगराध्यक्ष विषय निदान रोखून धरू शकतो. एकही नसेल तर तो फक्त राजीनामा देऊ शकतो.

हे मी अण्णांना थोडक्यात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग चप्पल नीट घालत म्हणाले, "ते सगळं ठीक आहे. पण नळाला पाणी आलं नाही तर मी एकाच घरी जातो. त्याच्या दारावर चिन्ह असतं, त्याला शिव्या घालतो, दुसऱ्या दिवशी टँकर येतो. तुझे तिघं तीन ठिकाणचे. तू कुणाच्या दारात जाणार?"

"तिघांच्याही," मी म्हणालो.

"मग जा बाबा. माझे गुडघे दुखतात."

आणि काठी टेकत ते निघाले. वाटेत त्यांच्या पक्षाच्या टेबलावर बसलेल्या पोरानं विचारलं, "अण्णा, झालं का?" अण्णांनी शाई लावलेलं बोट वर केलं आणि टँकरचं काय झालं म्हणून त्याला झापायला सुरुवात केली.